रोवणीच्या दिवसांतले प्रवेश

आमच्या भंडारा जिल्ह्यातली मुलं बारावीनंतर नागपूरला किंवा पुण्याला निघतात, तेव्हा शेतात रोवणी चालू असते. घरातला रोख पैसा बियाणं, खत आणि मजुरीत गेलेला असतो आणि नेमकं त्याच वेळी शुल्क, खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे एकदम द्यावे लागतात. धानाचे चुकारे हाती यायचे ते दिवाळीनंतर. पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या शेतकरी घरांचं वर्ष असंच चालतं. म्हणून पहिल्याच सत्रात कोमेजलेल्या मुलाला 'घरची आठवण येते' एवढंच म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आठवण येतेच, पण एका डब्यात दोन वेळा भागवणाऱ्याचं वर्गात लक्ष कसं लागणार?

सरकारी मदत आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. जेवणाखोलीची रक्कम थेट खात्यात येते. या योजना मला मोलाच्या वाटतात. अडचण वेळेची आहे. आधी प्रवेश, मग वसतिगृहाची यादी, मग अर्ज, मग छाननी. खोलीमालक तोवर थांबत नाही. पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवरच मिळायला हवा. पैसे घेऊन कोणी शिक्षण सोडलं तर, ही शंका रास्त आहे. त्यासाठी पुढचे हप्ते हजेरी बघून द्यावेत.

'आम्हीही हालातच शिकलो' असं वडीलधारी म्हणतात. त्यांच्या जिद्दीबद्दल आदर आहेच, पण अर्ध्यावर परतलेले आपली गोष्ट सांगायला सत्कारसभेत उभे राहत नाहीत. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात, भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृहं उभी केली, ती जिद्दीलाही जेवण आणि छप्पर लागतं हे ओळखूनच. नागपूर तर साठेक किलोमीटरवर, केव्हाही घरी येता येतं, असंही कोणी म्हणेल. ते भंडारा शहरातून. लाखांदूरहून अंतर बरंच वाढतं, आणि दर शनिवारी गाव गाठणाऱ्याची शहरात ओळख होत नाही.

ओळखीचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. आमच्याकडच्या झाडीबोलीतल्या उच्चाराला कोणी हसलं की चुणचुणीत मुलगीही वर्गात तोंड उघडत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो प्रत्येकीजवळ असावाच. पण त्याआधी आपल्या तालुक्यातली, दोन वर्षं पुढे असलेली ताई तिला हवी. आपले जुने विद्यार्थी कुठे शिकतात हे तुमसर-लाखनीच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना ठाऊक असतं. निकाल लागताच त्यांनी नव्या मुलांची या ताई-दादांशी गाठ घालून द्यावी, खोली शोधायला निघण्याआधीच.