सशाचं ताट

सुरतच्या नवागाम-डिंडोलीत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं खूप. दोन खोल्यांच्या अशा घरात ससा सहज सामावतो, कारण तो भुंकत नाही आणि जागाही फार मागत नाही. त्याला घरात आणलं की पुढ्यात पहिल्यांदा येतं ते गाजर. 1940 साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनीच्या हातातलं गाजर जगभरच्या घरांत पोचलं, तसं इथेही. माझं म्हणणं असं, की सशाचं अन्न गवत आहे, आणि भाज्यांपैकी त्याला मानवतो तो बहुतेक आपण निवडताना टाकून देतो तोच भाग.

पुरावा त्याच्या तोंडातच आहे. सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही जन्मभर वाढत राहतात. तो गवताची काडी खाताना जवळून पाहावं. काडी हळूहळू आत सरकते, जबडा आडवा हलत राहतो, दाढा जात्यासारख्या एकमेकींवर घासतात आणि झिजतात. गाजराचा तुकडा तो वरखाली चावून चुरतो, त्यात दाढांची ती झीज होत नाही. पोटाचंही तसंच. त्याच्या आतड्यातल्या अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत जिवाणू तंतू आंबवतात, आणि त्यातून बनलेल्या मऊ, चकचकीत, घडासारख्या लेंड्या ससा थेट गुदाशी तोंड नेऊन खातो. हा रोग नव्हे, त्याच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग त्यातूनच मिळतो. साखर आणि पीठ जास्त झालं की या जिवाणूंचा तोल बिघडतो. शंभर ग्रॅम गाजरात सुमारे पाच ग्रॅम साखर असते. मायेने दिलेला कळण्याच्या भाकरीचा तुकडा म्हणजे तर निव्वळ पीठच. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच जाणार.

म्हणून ताटातला ऐंशी टक्के भाग वाळलेल्या गवताचा असावा. उरलेल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, फ्लॉवरची थोडी पानं, अधूनमधून मेथी. पालक आणि पोकळा रोज नको, त्यांत ऑक्झॅलेट फार. वांग्याचा, टोमॅटोचा पाला मात्र कधीच नाही. सुरतेत जपायचं ते हिवाळ्यात, उंधियोच्या दिवसांत. तेव्हा ओट्यावर सुरती पापडी, कंद, बटाटा आणि हिरवा लसूण एकत्र पडलेला असतो, आणि यातलं काहीच सशाचं नाही. हिरव्या लसणाची पात तर गवतासारखीच दिसते. पण कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूणघास या चाऱ्याचा लसणाशी नावापुरताच संबंध. तो वाढत्या पिलाला चांगला, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जड जातं. सशाचं आतडं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतं, जादा भाग लघवीवाटे जातो आणि मूत्राशयात गाळ साठू शकतो.

कुणी म्हणेल, गाजर तो आवडीने खातो, मग वाईट कसं? गोडाची ओढ त्याला आहेच, पण ओढ म्हणजे गरज नव्हे. बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा द्यावा. दुसरं म्हणणं, भाकरीवरही ससे जगतात. जगतात, पण किती? नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं घरात राहतो. दोन-तीन वर्षांत गेला तर आपण त्याला नाजूक म्हणतो आणि ताटाकडे बघत नाही. शहरात गवत कुठलं, हा प्रश्न मात्र खरा. तरी संक्रांतीला इथे गायींना घालायला हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या रस्त्यावर मिळतात, म्हणजे चारा आणणारे आहेत. त्यांच्याकडून लसूणघास न घेता साधं गवत मागावं, सावलीत वाळवावं, बुरशी लागू देऊ नये.

ओल्या पाल्याने जुलाब होतात ही भीतीही अगदी खोटी नाही. तीन महिन्यांच्या आतल्या पिलाला पाला देऊ नये. पुढे एका वेळी एकच नवी भाजी, स्वच्छ धुऊन, आधी दोन पानं, मग मूठभर. आणि रोज सकाळी पिंजऱ्याचा तळ पाहावा. गोल, कोरडी, मोडली तर आत गवताचे तंतू दिसणारी लेंडी असली की पोट चालू आहे. लेंड्या बारीक झाल्या, किंवा ससा बारा तास काहीच खात नसला, तर उद्यापर्यंत थांबू नये, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.