थर्ड ओनरला पत्र येत नाही!

सेकंडहँड गाडी घेतली रे घेतली, की अख्खं पुणं तुमचा मेकॅनिक होतं. 'किती पळालीये?' 'अ‍ॅव्हरेज काय देते?' 'पेट्रोलच ना? मग ठीक!' लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूसही जाता जाता एक सल्ला देऊन जातो. माझ्या २०१२ सालच्या पांढऱ्या सेडानबद्दल हे सगळे प्रश्न विचारून झालेत. तिचा रिकॉल झालाय का, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

फ्रीलान्सिंगच्या कमाईत नव्या कोऱ्या गाडीचा ईएमआय बसत नाही, हे सांगायला नकोच. पण आईला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं आणि तिचे गुडघे रिक्षात चढायला साफ नकार देत होते. म्हणून ही गाडी. ठाण्याचं पासिंग, मी तिसरी मालकीण. मित्रमंडळींनी लगेच नाकं मुरडली, 'मुंबईकडची? गंजलेली असणार बघ!' खारी, दमट हवा गाडीचा पत्रा खाते हे खरंच आहे. ती आणखी काय काय खाते, ते मला नंतर कळलं.

तसे जुन्या गाडीचे आजार फार बोलके असतात. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'खट्ट' आलं, की लोअर आर्मचे बुश गेले. क्लच सोडताना पाय पार वरपर्यंत आला आणि तेव्हा कुठे गाडी हलली, की प्लेट संपत आली. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरला आणि महिन्याभरात पुन्हा कोमट हवा यायला लागली, की कूलिंग कॉइल लीक आहे. ती कॉइल असते डॅशबोर्डच्या आत, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरीच जास्त! आमच्या मेकॅनिक काकांना हे सगळं गाडी गेटातून आत येतानाच ऐकू येतं. मग ते मला नाना पेठेत पिटाळतात. तिथल्या स्पेअर पार्ट्सच्या गल्ल्यांत उभं राहून 'ओरिजिनल की लोकल?' या प्रश्नाला आत्मविश्वासाने उत्तर देणं हे मास कॉमच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

लपवाछपवी असते, ती पण पकडता येते. मीटर ४५ हजार दाखवतंय आणि स्टीअरिंग घासून गुळगुळीत झालंय, पेडलचं रबर पार झिजलंय? मग मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. टायरवर चार आकडे असतात. ३८१९ म्हणजे २०१९चा अडतिसावा आठवडा. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर डिकीतली स्टेपनी उचलून खाली चिखल दिसतो का बघा, सीटच्या रेल्सवरचा गंज बघा, कार्पेटचा वास घ्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला हे ऐकवते. आता त्यात ई-ट्वेंटी पेट्रोलची भर पडलीये. जुन्या गाड्यांचं मायलेज थोडं घटतं आणि काहींचे रबरी भाग, गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं. पण ते रबरही झिरपून, वास मारून आधी सूचना देतंच.

एअरबॅगचा इन्फ्लेटर मात्र काही म्हणजे काही बोलत नाही.

आरसी माझ्या नावावर झाली त्या रात्री मी कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला. १७ अक्षरं-आकडे असतात, आरसीवरच छापलेले. दोन सेकंदांत उत्तर आलं : एक काम बाकी, पॅसेंजर साइडचा एअरबॅग इन्फ्लेटर. पॅसेंजर साइड, म्हणजे आईची सीट.

हे प्रकरण टकाटा नावाच्या जपानी कंपनीचं. एअरबॅग फुगवायला एका छोट्या धातूच्या डब्यात रसायन पेटवतात. टकाटाने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडतं आणि अपघातात हवं त्यापेक्षा कितीतरी जोरात पेटतं. मग डबाच फुटतो आणि वाचवायला आलेल्या पिशवीतून धातूचे तुकडे उडतात. अमेरिकेत यात दोन डझनांहून जास्त माणसं गेली. २०१४ मध्ये मलेशियात एका गरोदर बाईचा जीव गेला, तिची गाडी होती २००३ची सिटी. मलेशियाची हवा कशी असते? आपल्या कोकणपट्टीसारखीच. म्हणूनच ठाण्याचं पासिंग वाचून मला टेन्शन आलं.

माझी गाडी कोणत्या कंपनीची, ते मुद्दामच सांगत नाही. कारण टकाटाचे इन्फ्लेटर जगातल्या डझनभराहून जास्त कंपन्या वापरत होत्या. आपल्याकडे होंडाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. टोयोटा आणि निस्साननेही काही मॉडेल्स बोलावली. टकाटाने जून २०१७ मध्ये दिवाळं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडून गाडी घेतली, त्या डीलरला फोन लावला. त्याच्या छापील चेकलिस्टवर 'एअरबॅग : ओके' असं टिकमार्क करून दिलेलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, डॅशबोर्डवर लाइट लागतो का? नाही ना? मग ओके!" बॉस, तो लाइट वायरिंग किंवा सेन्सर बिघडला तर लागतो. डब्यातलं रसायन खराब झालं, हे त्या लाइटला कळतच नाही. टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही, आमच्या काकांच्या कानांनाही ऐकू येत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने स्क्रीनवर बघून सांगितलं, की कंपनीने पत्रं पाठवली होती. पहिल्या मालकाच्या ठाण्याच्या पत्त्यावर. गाडी तोवर दुसऱ्याकडे गेली होती आणि पत्रं परत आली. म्हणजे गाडी पुढे सरकत राहिली आणि निरोप मागेच राहिला. पार्ट मागवावा लागणार होता. बारा दिवस थांबा, म्हणाला.

ते बारा दिवस आईला मी मागे बसवलं. "अगं, तुझ्या बाबांच्या गाडीत कुठे होत्या एअरबॅग? एवढी वर्षं बसलेच ना मी पुढे?" हे तिने किमान दहा वेळा ऐकवलं. मुद्दा चूक नव्हता, पण बाबांच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये फुटणारा डबा नव्हता. मागच्या सीटवर तिचे गुडघे आखडायचे. आरशात मला तिचा चेहरा दिसायचा आणि रोज एकदा तरी वाटायचं, जाऊ दे, बसू दे पुढे, क्लिनिकपर्यंतच तर जायचंय. बसवलं नाही.

काम साधारण तासाभराचं निघालं. बिल शून्य रुपये!

कायदा काय म्हणतो, तेही शोधलं (सवयच आहे ती). भारतात जुलै २०१२ पासून गाडी कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉल आचारसंहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि एप्रिल २०२१ पासून सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. आता सांगा, सात वर्षांच्या पुढच्या गाड्या कोण घेतं? पहिला जॉब लागलेले, ड्रायव्हिंग शिकणारे, माझ्यासारखे बजेटवाले. ज्यांच्या हाताला म्हातारी गाडी लागते, त्यांच्यासाठीच कायद्याचा हात आखूड. मला हे अजिबात पटत नाही. आरटीओत नाव बदलतं, तेव्हा नव्या मालकाचा पत्ता सरकारकडे येतोच की. बाकी असलेल्या कामाचा एक एसएमएस तेव्हाच पाठवायला किती खर्च येणार आहे?

तोवर आपणच विचारायचं. टोकन देण्याआधी आरसीचा फोटो मागा आणि चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाका. साइटवर नाही जमलं, तर सर्व्हिस सेंटरला फोन करा. काम बाकी असलेली गाडी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. माझी मस्त पळतेय आणि आई पुन्हा पुढे बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगतेय.

गेल्या शनिवारी एका मित्राने २०११च्या गाडीचा आरसी पाठवला. सर्व्हिस रेकॉर्ड कडक, पेंट ओरिजिनल, भाव फिक्स, संध्याकाळी टोकन द्यायला निघाला होता. मी नंबर टाकला. बाकी कामं : दोन. त्याला स्क्रीनशॉट धाडला. पाच मिनिटांनी रिप्लाय आला, "दोन म्हणजे ड्रायव्हर साइडपण?"