होरेशियो कोण?

एम.ए.ला असताना आम्ही दोघे मित्र नगरात दिल्ली दरवाजाजवळ एका खोलीत राहत होतो. तेव्हा शहराचे नाव अहमदनगर होते. त्या खोलीत आमचा एक खेळ चाले : वाचलेल्या नाटकांतली पात्रे माणसांना वाटून द्यायची. खानावळीच्या मालकापासून विभागप्रमुखांपर्यंत कोणीही त्यातून सुटले नाही. एका रात्री टिळक-आगरकरांची पाळी आली. नाटक अर्थातच ‘हॅम्लेट’. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात हे दोघे मित्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते आणि तिथे आगरकर ‘हॅम्लेट’ मराठीत आणत होते. पुढे ते ‘विकारविलसित’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्यातला चंद्रसेन गणपतराव जोशांनी गाजवला.

मी वाटणी करून टाकली. दम्याने पोखरलेले, एकाकी, जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेले आगरकर हे हॅम्लेट. टिळक होरेशियो, म्हणजे मित्राची कहाणी सांगायला मागे उरलेला. १८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला होता. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

मित्र म्हणाला, “साफ चूक. हॅम्लेटची खूण विचार नव्हे, विलंब. काय करायचं ते ठाऊक आहे, पण आज नको. आगरकर कधी थांबले रे?”

खरेच, थांबले नव्हते. १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि वर्षभरात ‘सुधारक’ काढला. समाजसुधारणेच्या बाबतीत ‘आधी लोक तयार होऊ देत’ हा पक्ष टिळकांचा. १८९१च्या संमतिवयाच्या वादात तो पुरता उघडा पडला. तरी टिळकांना हॅम्लेट म्हणायला माझे मन अजून धजत नाही. राजकारणात ज्याने तुरुंग ओढवून घेतला आणि १९१६ मध्ये याच नगरात स्वराज्यावर भाषणे करून पुन्हा खटला अंगावर घेतला, त्याच्या विलंबाला भित्रेपणा म्हणता येत नाही. तो हिशेब होता. हिशेब चुकला, असे माझे मत आहे; पण ते वेगळे.

नाटक पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. शेवटच्या अंकात, द्वंद्वाच्या आधी, हॅम्लेटला अशुभाची चाहूल लागते. तेव्हा होरेशियो म्हणतो की मन नको म्हणत असेल तर ऐका, मी निरोप सांगून हे थांबवतो. म्हणजे ‘आज नको’ हे वाक्य तिथे होरेशियोच्या तोंडी आहे, आणि ते प्रेमापोटी आलेले आहे. हे सापडले तेव्हा मला फार बरे वाटले. का, ते सांगायला हवे.

मित्राचे गाव पाथर्डी तालुक्यात. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच्या पुढच्या वर्षी मित्राचा थोरला भाऊ वारला. दहाव्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला : “उद्या वहिनींच्या बांगड्या फोडू देणार नाही. भावकी चिडली आहे. तू ये, एकटा पडेन.” मी वर्गात आगरकर शिकवणारा माणूस. म्हणालो, “आज नको. घरात दुःख आहे, आई थकल्या आहेत. वर्षश्राद्ध होऊ दे, मग सावकाश बोलू सगळ्यांशी.” पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “बरं.” त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

होरेशियोचा आधार मी बरेच दिवस मनाशी धरून होतो. पण त्या प्रवेशात पुढे काय होते, हेही मला शिकवावे लागते. हॅम्लेट सल्ला मानत नाही. दरबार भरतो, तलवारी येतात, आणि ‘नको’ म्हणालेला होरेशियो तिथेच असतो, अगदी मित्र त्याच्या समोर कोसळेपर्यंत.

दहाव्याला मी गेलो नाही. परीक्षेचे पर्यवेक्षण होते. मागितले असते तर ते बदलून मिळाले असते.

वहिनींच्या हातात बांगड्या आहेत, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळले.