ओझ्याची वाट

ट्रकखाली असतो तोवर मागचा एक्सल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. चिखल, वंगण आणि धुळीची पुटं चढलेलं ते लोखंड चाकांच्या मध्ये आडवं राहून वर्षानुवर्षं टनांनी माल पेलत असतं. तो सुटा होऊन गॅरेजच्या दारात आला, की त्याचा खरा आकार नजरेत येतो. दोन टोकांना ब्रेकचे जाड बिडाचे ड्रम, त्यांच्यामध्ये हौसिंगची पोलादी नळी आणि नळीच्या मध्यावर डिफरेन्शियलचा फुगीर गोळा. माणसाच्या उंचीहून लांब असलेला हा ऐवज मध्यम ट्रकचा असला, तरी चारशे किलोच्या घरात जातो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हिंडताना असं लोखंड जागोजागी भेटतं. कुठे वेल्डिंगखाली, कुठे लेथच्या दाराशी, कुठे पाटेवाल्याच्या अंगणात. तिथे माझे पाय आपोआप थांबतात. कारखान्यात यंत्र काम करताना पाहण्यापेक्षा, माणसं जड लोखंड हलवताना पाहणं मला जास्त काही शिकवून जातं.

असा एक्सल न्यायला येते ती बहुधा पिकअप. तीही स्प्रिंगचे जादा पाटे टाकून उंच केलेली. शेतमाल आणि विटा वाहणाऱ्या माणसाला गाडी भरल्यावर बसायला नको असते, म्हणून तो पाटे वाढवतो. भरल्या गाडीला ती उंची सोसते. रिकामी मात्र ती ताठ उभी राहते आणि तिचा हौदा जमिनीपासून चांगला तीन फुटांवर जातो. चारशे किलो आणि तीन फूट. कागदावर हे दोन साधे आकडे आहेत. पण त्यांच्यामध्ये बोटं चिरडतात, पाठी कायमच्या धरतात आणि कधी कधी माणूसही जातो.

या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हात लावण्याआधीचा वेळ. मुरलेला मिस्त्री एक्सलकडे आधी बघतच नाही, तो जमीन बघतो. उतार कुठे आहे, ओल कुठे आहे, तेल सांडलंय का, मागे भिंत आहे की मोकळी जागा, हे पाहत तो एक चक्कर मारतो आणि मग हाताखालच्या पोरांना सांगतो, "ह्यो निसटला तर जाणार कुठं, ते आधी बघा. तितं कुणी उभारायचं न्हाई." सुरक्षिततेची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण त्यांचं सार मला या दोन वाक्यांत मिळालं. ओझ्याला खाली जायची वाट नेहमीच ठाऊक असते. ते वर कसं जाईल हा विचार माणूस उत्साहाने करतो. ते खाली कसं येईल हा विचार आधी करणारा माणूसच संध्याकाळी धड हातापायांनी घरी जातो.

मग ओझं हलकं करायचं. चारशे किलो एकदम उचललेच पाहिजेत, असं कुणी सांगितलेलं नसतं. डिफरेन्शियलमधलं तेल काढून घेतलं की काही किलो तर कमी होतातच, शिवाय वाटेत ते गळून हौदा निसरडा होण्याची भीती जाते. त्या तेलाचा गंधकाचा उग्र वास दिवसभर हाताला राहतो. ट्रकच्या मागच्या एक्सलची रचनाही इथे मदतीला येते. गाडीचा भार हौसिंग पेलतं आणि आतले शाफ्ट फक्त चाकं फिरवतात, म्हणून हबवरचे बोल्ट काढले की शाफ्ट सरळ बाहेर ओढता येतात. ड्रम उतरतात. बऱ्याच हौसिंगमधून मधला गोळाही नट सोडून अख्खा बाहेर काढता येतो. एका अवजड ओझ्याची अशी चार-पाच आवाक्यातली ओझी होतात. ज्यांना घाई असते ते या तासाभराला वेळ वाया जाणं म्हणतात. मला वाटतं, त्या दिवसाचं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच असतं.

गाडीलाही तयार करावं लागतं. उंच केलेली पिकअप ओझ्याच्या पहिल्या स्पर्शाला हलते. हौद्याच्या मागच्या कडेवर वजन टेकलं की मागचे पाटे दबतात, बोनेट किंचित उचललं जातं, आणि मघाशी मापून लावलेली फळी आता वेगळ्याच कोनात उभी असते. म्हणून हँडब्रेक ओढायचा, गाडी गियरमध्ये ठेवायची, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यायचे आणि चेसिसच्या मागच्या टोकाखाली भक्कम ओंडक्यांचा टेकू लावायचा. त्यासाठी नुसता जॅक पुरत नाही. जॅकच्या आतलं रबरी सील झिजलं की तो आवाज न करता बसत जातो. लाकूड दबताना निदान करकरतं.

एक्सल अख्खाच न्यायचा असेल आणि गर्डरला टांगलेला चेन ब्लॉक असेल, तर उत्तम वाट एकच: ओझं गाडीकडे न्यायचं नाही, गाडी ओझ्याखाली आणायची. एक्सल होता त्याच जागी सरळ वर उचलायचा, माणसं बाजूला करायची, पिकअप सावकाश मागे घ्यायची, ठोकळे-टेकू लावायचे आणि मगच एक्सल हौद्यात उतरवायचा. आडव्या दिशेने ढकलणं आलं की झोका आला, आणि चारशे किलोचा झोका छातीने थांबत नाही. एक्सलच्या टोकाला एक साधी दोरी बांधलेली असली, की वेसणीने बैल वळावा तसा तो लांबूनच वळवता येतो. हात लोखंडाला लावावा लागत नाही.

पट्टे बांधण्यातही एक हिशेब असतो आणि तो डोळ्यांना चकवतो. हुकापासून दोन पट्टे तिरके खाली येतात. आडव्या रेषेशी त्यांचा कोन साठ अंशांचा असेल, तर चारशे किलोसाठी प्रत्येक पट्ट्यावर सुमारे २३० किलोचा ताण येतो. पट्टे आखूड घेतले आणि कोन तीस अंशांवर आला, तर प्रत्येक पट्ट्यावर पुरे ४०० किलो येतात. दोघांनी वाटून घेतलेलं ओझं दोघांच्याही वाट्याला अख्खं येतं. म्हणून पट्टा लांब हवा आणि त्याची ताकद ठाऊक हवी. कापडी पट्ट्यांचे रंग त्यासाठीच ठरलेले आहेत: जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, पिवळा ३ टनांचा. कडेला फाटलेला पट्टा मात्र कोणत्याही रंगाचा असला तरी बाद. शिवाय एक्सलचा तोल मध्यावर असेलच असं नसतं आणि गोळ्याची जड बाजू स्वतःभोवती फिरू पाहते. आधी चार बोटं उचलायचा, थांबायचं, कोणतं टोक खाली झुकतंय ते बघायचं, खाली ठेवून पट्टे सरकवायचे आणि पुन्हा उचलायचा.

गर्डर नसेल, रस्त्याच्या कडेला काम आलं असेल, तर फळ्या घ्याव्या लागतात. सहा फुटांच्या फळीवरून तीन फूट चढवायचं, तर घर्षण सोडून चारशे किलोंना दोनशे किलोंचा जोर लागतो. फळी बारा फुटांची केली की शंभर पुरतो. जोर निम्मा झाला, पण वाट दुप्पट झाली. चेन ब्लॉकचं गणित हेच आहे. हातातून कित्येक हात साखळी सरकते तेव्हा ओझं वीतभर वर येतं, आणि आतली खीळ प्रत्येक दात्यावर कट कट वाजत ते अडवून धरते. पहार, कप्पी, जॅक, उतरती फळी, सगळ्यांनी एकच सौदा केलेला आहे: जोर कमी लावा, वेळ जास्त द्या. सावकाशी ही यंत्राची किंमत आहे. ती ज्याला द्यायची नसते, त्याच्याकडून ती मणका वसूल करतो.

मोठ्या लोकांनाही हे शिकावं लागलं. लंडनमध्ये टेम्सकाठी मिलवॉल इथे ब्रुनेल या इंजिनियरचं 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज नदीला समांतर बांधलं गेलं होतं. सुमारे बारा हजार टनांचं ते धूड कडेने पाण्यात सरकवायचं होतं. ३ नोव्हेंबर १८५७ या दिवशी ब्रुनेलला तिथे शांतता हवी होती, कारण हुकूम प्रत्येकाला ऐकू जायला हवा होता. जहाजाच्या मालक कंपनीने मात्र तमाशा बघायला तिकिटं विकली आणि हजारोंची गर्दी लोटली. जहाज अचानक हललं, साखळीच्या रहाटाचे दांडे उलटे गरगरले, त्यावरची माणसं फेकली गेली आणि जीव गेला. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे हायड्रॉलिक जॅक आणि आणखी दाबयंत्रं लावून ते जहाज आठवडेच्या आठवडे थोडं थोडं ढकललं गेलं, आणि ३१ जानेवारी १८५८ ला ते पाण्यावर तरंगलं. जे एका दिवसात करायचं होतं त्याला तीन महिने लागले. जहाजाला ती सावकाशी मानवली.

शांततेचा धडा उद्यमनगरातल्या पिकअपलाही लागू पडतो. हुकूम एकाच्याच तोंडून यावा. "थांब" मात्र कुणीही म्हणावं, आणि ते ऐकून सगळ्यांनी थांबावं. सगळ्यांत नाजूक क्षण येतो तो फळीच्या शेवटी, जेव्हा गोळा हौद्याची कड ओलांडतो. तोवर ओझं मागे ओढत असतं आणि त्या बिंदूला ते एकाएकी पुढे झुकतं. इतका वेळ विरोध करणारं लोखंड आता स्वतःच निघतं. त्या घडीला कुणाचं बोट खाली असता कामा नये, आणि फळीवर चढणाऱ्या ओझ्याच्या मागे तर कधीच कुणी नको. ओढायचं ते वरून, हौद्याच्या पुढच्या बाजूला अडकवलेल्या साखळीने. मागे असावेत फक्त ठोकळे, वीत-वीत सरकवत आणलेले आणि लांब दांड्याने ढकललेले. फळीचं वरचं टोकही हौद्याला अडकवलेलं हवं, नाहीतर तीच मागे उडते.

"आठ जण लावू, उचलून टाकू," हा सल्ला मी पुष्कळदा ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याची धास्ती वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली. त्या हिशेबाने आठ जण पुरतात, पण ओझं हिशेबाने वाटलं जात नाही. उंच माणसाच्या खांद्यावर जास्त येतं, ड्रमपाशी पकड मिळत नाही, आणि एकाने हात सोडला की त्याचा वाटा क्षणात शेजाऱ्यावर पडतो. माणसांच्या पाठीवर ओझ्याचं राज्य किती काळ चाललं, हे महाराष्ट्राला नीट ठाऊक आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, पुण्यात बाबा आढाव हमाल पंचायत घेऊन उभे राहिले, आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. ओझं वाहणाऱ्याच्या शरीराला मोल आहे, हे राज्याला कायद्याच्या कलमांत लिहावं लागलं. ज्या दारात चेन ब्लॉक आहे तिथेही पाठ पुढे केली जाते, तेव्हा मला त्या लढ्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

एक्सल हौद्यात आला म्हणजे काम संपलं, असं नव्हे. जोरात ब्रेक लागला की तो पुढे निघतो. पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे निम्मा जोर रोखता येईल असं बांधावं, हा मालवाहतुकीतला रूढ नियम आहे. चारशे किलोंसाठी पुढे ३२० किलो. गाडी उंच असल्याने तिचा तोलही उंच असतो आणि वळणावर ती लवकर झुकते, म्हणून एक्सल हौद्याच्या तळाशी, मध्यरेषेवर आणि आडव्या ओंडक्यांमध्ये पाचरी मारून बसवायचा. साखळ्या दोन्ही अंगांनी ताणायच्या आणि थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायच्या, कारण लाकूड दबतं आणि साखळ्या सैलावतात.

आणि हे सगळं करताना एका अनोळखी माणसाची आठवण ठेवायची. दुसऱ्या गावात, कदाचित रात्री, कदाचित एकट्यानेच, कुणीतरी हा फाळका उघडणार आहे. एक्सल कुठून कलंडेल, त्याचा तोल कुठे आहे, त्यातलं तेल काढलंय की नाही, हे त्याला माहीत नसेल. जो मिस्त्री तोलाच्या जागी खडूची रेघ ओढतो, खाली पट्टा सरकेल इतकी जागा ठेवतो आणि फाळक्याच्या बाजूला पाचर शिल्लक ठेवतो, त्याने त्या माणसाची बोटं आजच वाचवलेली असतात. चढवणाऱ्याच्या हुशारीचं माप उतरवणाऱ्याच्या सुखरूपपणात आहे. हा नियम लोखंडापुरता आहे असं मला वाटत नाही. आपण दुसऱ्यांच्या हाती सोपवतो त्या प्रत्येक ओझ्याला तो लावून बघावा, आणि सोपवताना त्याची खाली यायची वाट खडूने दाखवून द्यावी.