आजीचं लुगडं

परवा अकोल्याहून दादाचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. मंडपात घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो लावायचेत. "आजीचा तो ओसरीतला साफ करून दे. अन् लुगडं हिरवं करून टाक बरं. लग्नात पांढरं बरं नाही दिसत."

फोटो 1986 चा, आमच्या मूर्तिजापूरच्या जुन्या घरातला. आजी ओसरीत बसलीये आणि मागे नुकताच वेचून आणलेला कापूस. आमच्या वऱ्हाडात दिवाळीनंतर घरोघरी हेच दृश्य!

स्कॅन केला. प्रिंट पिवळी पडली होती, ती आधी सुधारली. मग गिंपमध्ये लुगड्यावर क्लिक करून 'रंगानुसार निवड' केली. तर लुगड्याबरोबर कापूसही निवडला गेला आणि आजीचे केससुद्धा. संगणकाला काय, पांढरं ते पांढरं. शेवटी कडेकडेनं हातानं निवड केली. तासभर गेला.

पुढे 'ह्यू'ची पट्टी सरकवली. लाल साडी असती तर 0 अंशावरून 120 वर नेली की हिरवी झाली असती. इथे पट्टी या टोकाची त्या टोकाला नेली तरी लुगडं ढिम्म! पांढऱ्यात फिरवायला रंगच नसतो, तो वरून घालावा लागतो. मग हिरव्याचा वेगळा थर केला, 'मल्टिप्लाय'वर ठेवला. चुण्यांच्या सावल्या तशाच राहिल्या आणि लुगडं छान हिरवंगार दिसायला लागलं.

आणि मला ताईची हळद आठवली. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या आणि आजी मागच्या खोलीत एकटी पापड मोजत बसली होती. तिला पुढे ये म्हणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. आता तिला मंडपात न्यायचं, तेही रंग बदलून?

आईला दोन्ही फोटो दाखवले. हिरवा तिनं बराच वेळ पाहिला. मला वाटलं, रागावेल.

"लग्नानंतर दोन वर्सं नेसली न ते हिरवं," आई म्हणाली. "तवा फोटो काढाले कोन होतं?"

दोनच वर्षं. एवढं मला माहीतच नव्हतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हा हिरवा मले दे. मंडपात मात्र पांढराच लाव. तवा मागं बसवली होती तिले, आता समोर बसव."

हिरव्याची एक प्रिंट काढून आईला दिली. ती तिनं कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलीये. दादाला पांढरा पाठवलाय, आईचा निरोपही कळवलाय.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. लग्नाला तीन आठवडे आहेत. बघू.