वर्गणीदार प्रेक्षक

‘स्वतंत्र माहितीपट’ या शब्दप्रयोगातील ‘स्वतंत्र’ हे विशेषण आशयाच्या आधी पैशाला लागते. ज्या माहितीपटाचा विषय, लांबी, भाषा आणि शेवट ठरवण्याचा अधिकार एखाद्या सरकारी खात्याकडे, वाहिनीकडे किंवा कंपनीकडे नसतो तो स्वतंत्र, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येते. मात्र ती मान्य केली की मग त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. भारतात या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर ‘करणाऱ्याने स्वतः’ असे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांचे मुंबईतील स्वागत चित्रित केले, ते आपल्या छायाचित्रणाच्या धंद्याच्या बळावर. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि ‘अनुबोधपट’ (या शब्दातच प्रेक्षकाला बोध करण्याची सरकारी हौस दिसते) हे प्रामुख्याने शासनाचे काम झाले. २००० मध्ये सुरू झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने दूरदर्शनच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र दिग्दर्शकांना उभे केले, तर फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. स्वतःचा खिसा आणि सरकारी तिजोरी या दोहोंमध्ये जी अरुंद वाट उरते, ती लोकवर्गणीची होय.

इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याच्या पद्धतीला आज ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात आणि ती जणू या शतकातच जन्मली अशा थाटात तिची चर्चा होते. महाराष्ट्राला मात्र तिची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्यासाठी जो ‘पैसा फंड’ काढला आणि ज्याला लोकमान्य टिळकांचे पाठबळ मिळाले, त्यातूनच तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. नवे आहे ते पैसे गोळा करण्याचे यंत्र आणि त्याबरोबर आलेले कायदेशीर वर्गीकरण. सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने जून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चापत्रात क्राउडफंडिंगचे चार प्रकार मानले आहेत: परतफेडीची अपेक्षा नसलेली देणगी, मोबदल्यात एखादी वस्तू किंवा सेवा देणारी वर्गणी, व्याजाने दिलेले कर्ज, आणि भागभांडवलात वाटा देणारी गुंतवणूक. भारतातील स्वतंत्र माहितीपटाच्या वाट्याला व्यवहारात पहिले दोनच प्रकार येतात, कारण सर्वसामान्य लोकांना खुले आवाहन करून एखाद्या चित्रपटाचे भाग विकणे येथील कंपनी कायद्याच्या चौकटीत बसत नाही.

या वाटेवरचे सर्वांत मोठे उदाहरण माहितीपटाचे नाही, तरीही ते टाळता येत नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ चा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, म्हणजे सुमारे दहा लाख रुपये जमले; त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि स्मिता पाटील त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. या आकड्यांचे कौतुक नेहमी होते, पण ते पैसे जमले कसे, याकडे कोणी फारसे पाहत नाही. पाच लाख माणसांची मने वळवत कोणी दारोदार हिंडले नव्हते. गावोगावच्या दूध संस्था आधीपासून होत्या, त्यांचा सकाळ-संध्याकाळचा दुधाचा आणि पैशाचा हिशेब आधीपासून चालू होता, या दूध सहकाराचे नेते व्हर्गीस कुरियन यांच्यावरील विश्वास वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून तयार झाला होता, आणि दोन रुपये त्या चालत्या हिशेबातूनच वळते झाले. इंग्रजी नावात ज्याला ‘क्राउड’ म्हटले जाते ती गर्दी येथे नव्हतीच. होती ती बांधलेली संघटना. चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी आपला चित्रपट पाहायला गावोगावहून आले, आणि वर्गणीदार हाच पहिला प्रेक्षक असतो हे सूत्र त्यातून सिद्ध झाले.

केरळमध्ये दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कोळिकोड येथे ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या हाताशी अशी तयार संघटना नव्हती, म्हणून त्यांनी ती चालता चालता बांधली. गावोगाव चांगले चित्रपट दाखवायचे, पाहणाऱ्यांकडून जमेल तेवढे पैसे घ्यायचे आणि त्यातून पुढचा चित्रपट करायचा, अशी ती पद्धत होती. तिच्यातून ‘अम्मा अरियन’ हा १९८६ चा चित्रपट निर्माण झाला. तोही कथापटच; पण ओडेसाचे सत्यन यांनी पुढे हीच रीत माहितीपटांसाठी वापरली. येथे क्रम उलटा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे: आधी दाखवणे, मग मागणे. आजच्या बहुतेक मोहिमा आधी मागतात आणि दाखवण्याचे आश्वासन देतात, आणि त्यांच्या अपयशाचे निम्मे कारण या क्रमबदलात सापडते.

इंटरनेटच्या काळातील आरंभीच्या मोठ्या प्रयोगाचा एक धागा नर्मदेच्या खोऱ्याशी जोडलेला आहे. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याखाली जाणाऱ्या जलसिंधी गावातील कुटुंबावर ‘ड्राउन्ड आउट’ हा २००२ चा माहितीपट करणाऱ्या ब्रिटिश दिग्दर्शिका फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांनी पुढे हवामान बदलावर ‘द एज ऑफ स्टुपिड’ (२००९) केला, आणि त्यासाठी २२३ व्यक्तींना व गटांना भाग विकून साडेचार लाख पौंड उभे केले. हा सेबीच्या वर्गीकरणातील चौथा प्रकार. त्यात पैसे देणाऱ्याला नफ्यातला वाटा होता. मात्र २२३ भागधारक आणि साडेचार लाख पौंड हा भागाकार केला, तर सरासरी वाटा दोन हजार पौंडांच्या वर जातो, त्यामुळे या प्रयोगाला लहान वर्गणीचे उदाहरण म्हणणे धाडसाचे ठरेल. खऱ्या अर्थाने लहान रकमा २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या किकस्टार्टरसारख्या मंचांवर आल्या. तेथे पन्नासेक हजार डॉलर जमवलेल्या ‘इनोसेंते’ या लघुमाहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले. भारतात विशबेरी, केट्टो, मिलाप हे मंच याच सुमारास उभे राहिले, पैकी विशबेरीने कलाकृतींवर विशेष भर दिला.

किकस्टार्टरसारख्या मंचांच्या कार्यपद्धतीचा कणा म्हणजे ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम. दिग्दर्शक एक लक्ष्य आणि एक मुदत जाहीर करतो. मुदतीत लक्ष्य गाठले गेले तरच वर्गणीदारांच्या खात्यातून पैसे घेतले जातात, अन्यथा त्यांचा संकल्प आपोआप रद्द होतो. वरवर पाहता हा नियम दिग्दर्शकावर निष्ठुर वाटतो, पण अर्धवट पैशांत अर्धवट चित्रपट होण्याचा धोका तो वर्गणीदाराच्या डोक्यावरून काढून घेतो, आणि म्हणूनच अनोळखी माणूसही पाचशे रुपये द्यायला धजतो. मोहिमेत पैसे पहिल्या काही दिवसांत आणि शेवटच्या काही दिवसांत येतात, मधला काळ कोरडा जातो, हा या क्षेत्रातील सर्वांचा अनुभव आहे. पहिल्या लाटेत जवळचे लोक असतात, शेवटच्या लाटेत मुदतीने हलवलेले. आता हिशेब मांडून पाहावा. समजा, एका तासाच्या माहितीपटाला पंधरा लाख रुपये हवे आहेत आणि सरासरी वर्गणी एक हजार रुपये आहे, तर दीड हजार माणसे लागतात. मंचाचे कमिशन, पैसे हस्तांतरित करण्याचे शुल्क आणि त्यांवरील कर वजा जाता हाती येणारी रक्कम दहा टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक कमी होते; शिवाय मोबदला म्हणून कबूल केलेली पोस्टरे, पुस्तिका, कुरिअर यांचा खर्च वेगळा. या सर्वांहून मोठा, पण कोणत्याच अंदाजपत्रकात न लिहिला जाणारा खर्च म्हणजे दिग्दर्शकाचे दोन-तीन महिने, जे दीड हजार माणसांना आठवण करून देण्यात जातात.

म्हणून लहान वर्गण्यांतून संपूर्ण माहितीपट उभा राहील ही अपेक्षा बाळगण्यापेक्षा, निर्मितीच्या कोणत्या टप्प्याला हा पैसा शोभतो, याचा विचार अधिक उपयोगाचा आहे. माहितीपटाचे काम साधारणपणे संशोधन, चित्रीकरण, संकलन, आणि शेवटचे संस्करण या टप्प्यांनी जाते; शेवटच्या टप्प्यात ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण, उपशीर्षके, जुन्या चित्रफितींचे व संगीताचे हक्क विकत घेणे यांचा समावेश होतो. चित्रीकरण आज एका कॅमेऱ्यावर आणि दोन माणसांत होऊ शकते. अडते ते नंतर, जेव्हा शेकडो तासांचे चित्रीकरण पेट्यांत पडलेले असते आणि संकलकाला सहा महिने पगार द्यायला कोणी तयार नसते. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांच्या ‘अ‍ॅन इनसिग्निफिकंट मॅन’ या आम आदमी पक्षाच्या उदयावरील माहितीपटाने वर्गणी मागितली ती बरेचसे चित्रीकरण हाती असताना. वीस हजार डॉलरच्या लक्ष्याच्या सुमारे सहापट रक्कम त्यांना मिळाली. पुढे परिनिरीक्षण मंडळाने चित्रपटात दिसणाऱ्या राजकीय नेत्यांची ना-हरकत पत्रे मागितली, अपील न्यायाधिकरणाने ती अट काढली, प्रदर्शन रोखण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. एकाच मोठ्या पुरस्कर्त्याचा पैसा असता, तर इतक्या लांबलेल्या वादात तो कितपत टिकून राहिला असता, ही शंका रास्त आहे.

पण हे यश सहज अनुकरण करण्यासारखे नाही. ज्या विषयाची देशभर चर्चा चालू आहे, ज्याचे नायक दूरचित्रवाणीवर रोज दिसतात आणि ज्याची झलक दोन मिनिटांत बसते, त्याला वर्गणी लवकर मिळते. गावकुसाबाहेरच्या स्मशानाच्या जागेचा तंटा किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा या विषयांना ती त्याच वेगाने मिळत नाही. इंग्रजीत आवाहन लिहिणारा, समाजमाध्यमांवर ओळखी असणारा शहरी दिग्दर्शक येथे आपोआप पुढे जातो, आणि सरकारी समितीच्या दाराशी असलेली जुनी विषमता नव्या दाराशीही येऊन उभी राहते.

याहून गंभीर अडचण माहितीपटाच्या स्वभावातच आहे. मोहीम म्हणजे जाहीर घोषणा: कोणावर चित्रपट आहे, कुठे चालला आहे, काय दिसणार आहे, हे सांगितल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. जातीय अत्याचार, जमीन हडपणे, दंगल असे विषय मात्र चित्रीकरण संपेपर्यंत गुप्ततेवरच तगून असतात. ज्या बाईने विश्वासाने आपल्या घराचे दार उघडले, तिचा चेहरा वर्गणीच्या आवाहनातील झलकेत आला की गावातल्या ज्या लोकांविरुद्ध ती बोलली त्यांच्यापर्यंत तो चित्रपटाच्या दोन वर्षे आधी पोचतो. तिने चित्रपटासाठी दिलेली संमती झलकेलाही लागू होते, असे गृहीत धरण्याची सवय या क्षेत्राला जडली आहे आणि ती निषेधार्ह आहे. काळाचे मापही जुळत नाही. रमाबाई आंबेडकर नगरातील १९९७ चा गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या येथून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. किकस्टार्टरवरील मोहिमेची कमाल मुदत साठ दिवस असते. चौदा वर्षे चालणाऱ्या कामाला साठ दिवसांची उत्सुकता पुरत नाही, त्याला वर्षानुवर्षे आपली डिस्क विकत घेणारा, खेळ ठेवणारा, पुढच्या खेळाला आणखी दोघांना आणणारा प्रेक्षक लागतो.

परदेशस्थ मराठी माणूस हा अशा आवाहनांचा हक्काचा देणगीदार मानला जातो, आणि येथेच परकीय योगदान नियमन कायदा, २०१० आडवा येतो. या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय सांस्कृतिक, शैक्षणिक वा सामाजिक कार्यक्रमासाठी ‘परकीय स्रोता’कडून देणगी घेता येत नाही. न्यू जर्सीत राहणारा भारतीय पारपत्रधारक परकीय स्रोत नाही. त्याच्याच शेजारी राहणारा, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला त्याचा सख्खा मित्र मात्र परकीय स्रोत ठरतो, मग तो दर वर्षी गणपतीला पुण्यात येत असला तरी. नेहमीच्या व्यवहारात विकलेल्या वस्तूची किंवा सेवेची किंमत या व्याख्येबाहेर राहते. त्यामुळे देणगी आणि तिकीट यांतील फरक कागदावर स्वच्छ ठेवणे आवश्यक असते. भारतातील देणगीदारालाही आयकरातील ८०-जी ची वजावट एकट्या दिग्दर्शकाला पैसे देऊन मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेलाच लागू आहे. दिग्दर्शक मंडळींना या तपशिलांचा कंटाळा असतो, आणि तो त्यांना महागात पडतो.

लहान वर्गणी सर्वांत नेटकी चालते ती निर्मितीपेक्षा प्रदर्शनात. गोरखपूर येथे २००६ पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नावाने आणि कोलकात्यात २०१४ पासून पीपल्स फिल्म कलेक्टिव्हच्या पुढाकाराने जे महोत्सव भरतात, ते कंपन्यांचे प्रायोजकत्व नाकारून प्रेक्षकांच्या पैशांवर चालतात. मुंबईत २००४ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निवडीवरून व सेन्सॉरच्या अटीवरून वाद झाला, तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या डब्यात पडणारी पन्नासाची नोट ही चित्रपट पाहून झाल्यावर दिलेली असते, हा तिचा मोठेपणा.

वर्गणीदाराला हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि तो मराठी माणसाला मंडळाच्या अहवालापासून परिचित आहे. संकलनात हात घालण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, आणि मोहिमेच्या मजकुरात हे पहिल्याच दिवशी लिहिणारे दिग्दर्शक थोडे आहेत. नावांचा प्रश्नही असाच अर्धवट राहतो. आजच्या माहितीपटांच्या शेवटी रकमेनुसार लहान-मोठ्या अक्षरांत वर्गणीदारांची यादी सरकत जाते, आणि विषय जोखमीचा असेल तर त्यातले काही जण आपले नाव वगळण्याची विनंती करतात. ‘मंथन’ची जतन केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात आणि नंतर देशभरातील चित्रपटगृहांत दाखवली गेली, तेव्हा त्या पाच लाखांपैकी एकाचेही नाव पडद्यावर आले नाही, चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी सादर केला आहे, एवढी एकच ओळ तेथे होती.