तीन गोळ्या आणि एक मॅगझिन

नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीच्या परेडला थ्री-नॉट-थ्री उचललीये. साधारण चार किलो वजन, खांद्याची पार वाट! मॅगझिन दहा गोळ्यांचं, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. नंतरच्या एसएलआरने ते काम गोळीमागच्या गॅसवर सोपवलं. चाप मात्र दर गोळीला ओढायचाच.

मग आली पुण्याच्या एआरडीईने डिझाईन केलेली इन्सास. बर्स्टवर ठेवून चाप ओढला की फक्त तीन गोळ्या. म्हणजे घाबरलेल्या बोटानेही अख्खं मॅगझिन रिकामं होऊ नये. मॅगझिन प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं. किती गोळ्या उरल्या ते कळावं म्हणून. आमच्या भाषेत झकास यूआय :)

आणि १९९९ साली कारगिलच्या थंडीत हीच मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या.

आपलं सॉफ्टवेअर क्लायंटकडे झोपलं तर फार तर आपला शनिवार बुडतो. तिथे युजर बर्फात, समोर शत्रू, आणि हेल्पडेस्क वगैरे काही नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी "टेस्टिंगचं नंतर बघू" म्हणालं की मला ते तडकलेलं प्लॅस्टिक आठवतं. आयडिया चांगलीच होती हो. पण ती वापरणारा कुठे उभा असेल, हाही डिझाईनचाच भाग असतो.